‘त्याचं रक्त आमच्या मुलाबाळांवर’: ज्यूंचा छळ आणि पिढीजात पाप, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की दर वर्षी एखादं तरी पोरगं हात वर करून विचारतं, "पण मॅडम, सगळे ज्यूंच्याच मागे का लागले होते, त्यांनी काय केलं होतं?" त्यातलं ते "काय केलं होतं" मला टोचत राहतं, कारण छळ झाला म्हणजे त्यांनी काहीतरी केलंच असणार असं आपण किती पटकन धरून चालतो. नंतर पालकांनी, नातेवाईकांनी, स्टाफरूममधल्या लोकांनी विचारलेले प्रश्नही मी वहीत लिहून ठेवायला लागले आणि उत्तरं शोधत गेले. ते सगळं इथे एकत्र केलंय.

ज्यूंवर नेमका आरोप काय होता?

येशूला मारल्याचा. आणि ख्रिस्ती श्रद्धेत येशू म्हणजे देवच, म्हणून आरोप थेट देवहत्येचा. दुसऱ्या शतकात सार्डिस म्हणून एक शहर होतं, आजच्या तुर्कस्तानात, तिथला बिशप मेलितो याने एका प्रवचनात देवाचा खून झालाय आणि तो इस्राएलच्या हातून झालाय असं म्हटलं. म्हणताना तो "तुम्ही" असं बोलतो. येशूला क्रूसावर चढवून तेव्हा सव्वाशेच्या वर वर्षं झालेली, तेव्हाचं कोणीही जिवंत नाही, तरी "तुम्ही मारलंत". माझ्या मते सगळं दुखणं त्या एका "तुम्ही"मध्ये आहे.

पुढे चौथ्या शतकाच्या शेवटी अँटिऑक या शहरात जॉन क्रिसोस्टम या धर्मगुरूने ज्यूंवर आठ जळजळीत प्रवचनं दिली. त्याचा राग कशावर होता? तर त्याच्या चर्चमधली माणसं शेजारच्या ज्यूंच्या सणांना जायची, सिनेगॉगमध्ये म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात जायची, त्यांच्याबरोबर उपास करायची. म्हणजे साध्या माणसांचं एकमेकांशी बरं चाललं होतं.

पण बायबलमध्येच लिहिलंय ना, मग आरोप खोटा कसा?

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात २७ व्या अध्यायात तो प्रसंग आहे. रोमन सुभेदार पिलात पाण्याने हात धुतो, म्हणतो मी या माणसाच्या रक्ताबाबत निर्दोष आहे, आणि जमलेले लोक ओरडतात, "त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो." एवढं एकच वाक्य आहे. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयमध्ये.

आता विचार करा, पिलातसमोरच्या त्या अंगणात मावून मावून किती माणसं मावणार? त्या काळी ज्यूंपैकी बहुतेक जण यरुशलेमेत काय, त्या प्रांतातही राहत नव्हते, अलेक्झांड्रियात होते, रोममध्ये होते, बाबिलोनकडे होते, त्यांच्या कानावर ही बातमी गेलीसुद्धा नसेल. आणि समजा गर्दी खरंच तसं ओरडली, तरी गर्दीतल्या माणसाला आपल्या न जन्मलेल्या खापरपणतूच्या वतीने सही करायचा अधिकार कोणी दिला?

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट प्रत्येकाला लहानपणी सांगितलेली असते. रांजण खड्यांनी भरलेले, आणि नारद विचारतात, ज्यांच्यासाठी हे करतोयस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का, जा विचारून ये. बायकापोरं म्हणतात नाही, तुझं पाप तुझं. त्या बायकापोरांनी तर त्याच लुटीचं अन्न खाल्लं होतं, तरी गोष्ट त्यांना वाटेकरी करत नाही. इथे तर अशा लोकांना वाटेकरी केलं की ज्यांच्या जन्माला अजून हजार वर्षं होती.

येशू स्वतः ज्यू होता का?

हो. आई ज्यू, बारा शिष्य ज्यू, शेवटचं जेवण वल्हांडण या ज्यू सणाच्या दिवसांतलं. क्रूसावरून तो म्हणतो, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." हे लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि मत्तयातलं ते वाक्य धरून ठेवणाऱ्यांनी हे वाक्य का सोडून दिलं ते मला कधी कळलेलं नाही.

क्रूसावर तर रोमन लोकांनी चढवलं, मग त्यांना कोणी काही का बोललं नाही?

क्रूसावर चढवणं ही रोमन शिक्षा होती, हुकूम पिलातचा, खिळे ठोकणारे शिपाई रोमन. ख्रिस्ती लोक आजही उपासनेत श्रद्धेची जी कबुली म्हणतात तिच्यात पिलातचं नाव येतं, ज्यूंचं येत नाही. पण शुभवर्तमानं लिहून झाली ती बहुतेक इ. स. ७० च्या आसपास आणि त्यानंतर, म्हणजे रोमनांनी ज्यूंचं बंड मोडून यरुशलेमचं मंदिर पाडलं त्या सुमाराला, आणि नवे ख्रिस्ती लोक राहत होते रोमन राज्यातच. सत्तेवर बोट ठेवणं अवघड, हरलेल्यावर ठेवणं सोपं. पुढे ३८० मध्ये तर ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचाच धर्म झाला, मग प्रश्नच मिटला. आज इटलीतल्या माणसाला कोणी म्हणत नाही की तुझ्या पूर्वजांनी येशूला मारलं, असं म्हटलं तर आपल्यालाच ते विचित्र वाटेल, आणि ते विचित्र वाटणं बरोबर आहे.

हे नुसतं बोलण्यापुरतं होतं की खरंच हिंसा झाली?

झाली, आणि शतकानुशतकं झाली. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची, माणसं यरुशलेमला निघाली, आणि वाटेत ऱ्हाइन नदीच्या काठच्या गावांत त्यातल्या काही टोळ्यांनी असा विचार केला की इतक्या लांब शत्रूशी लढायला चाललोय आणि ख्रिस्ताला मारणारे तर इथेच राहतायत. वर्म्स आणि माइन्त्स या दोन गावांत शेकडो ज्यू मारले गेले. बाप्तिस्मा घ्या नाहीतर मरा असं दारात येऊन सांगितलं गेलं, आणि कित्येक आईबापांनी आपल्याच हातांनी मुलांना संपवून मग स्वतःला संपवलं. त्यांच्या समाजाने तेव्हाच्या मृतांच्या नावांच्या याद्या लिहून ठेवल्यात, त्या प्रार्थनेत वाचल्या जायच्या.

मग ११४४ मध्ये इंग्लंडात नॉरिचला एक लहान मुलगा मेलेला सापडला, आणि ज्यूंनी त्याला धर्मविधीसाठी मारला अशी कहाणी एका साधूने नंतर रचून लिहिली. ती कहाणी युरोपभर फिरली. १४७५ मध्ये इटलीत ट्रेंटला तोच आरोप, १९१३ मध्ये कीव्हच्या कोर्टातही तोच, आणि १९४६ च्या जुलैमध्ये, म्हणजे ऑशविट्झची नाझी छळछावणी बंद होऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा, पोलंडमधल्या कील्त्से गावात, "ज्यूंनी मुलगा डांबून ठेवला" एवढ्या अफवेवर ४० च्या वर माणसं मारली गेली, बहुतेक हिटलरच्या संहारातून वाचलेले ज्यू.

प्लेगचं तर विचारूच नका. १३४८-४९ मध्ये साथ आली आणि ज्यूंनी विहिरीत विष टाकलं असा बोभाटा झाला. स्ट्रासबुर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ ला शेकडो ज्यूंना जाळलं, आणि तेव्हा साथ त्या शहरात पोचलीसुद्धा नव्हती. देवाला मारणारे विहिरीत विष टाकायला कशाला कचरतील, असा तो हिशोब. एकदा जन्मजात पापी ठरवलं की पुढच्या कुठल्याही आरोपाला पुरावा लागत नाही.

इंग्लंडातून १२९० ला हाकलले, फ्रान्समधून १३०६ ला, स्पेनमधून १४९२ ला.

पण ते सावकार होते म्हणून लोकांचा राग होता ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. सावकारी होती, खोटं नाही. पण बऱ्याच देशांत ज्यूंना जमीन धरू देत नव्हते, कारागिरांच्या संघात घेत नव्हते, आणि व्याजाने पैसे देणं चर्चने ख्रिस्ती लोकांना बंद केलेलं. जो एक दरवाजा उघडा ठेवला त्यातून माणूस आत गेला, आणि मग तिथे का उभा आहेस म्हणून मारला. वर राजे त्यांच्याकडून वाटेल तसा कर उकळायचे, म्हणजे कर्जदाराला दिसायचा ज्यू आणि पैसा जायचा राजाकडे.

११९० मध्ये यॉर्कला किल्ल्याच्या बुरुजात अडकलेले दीडशेच्या आसपास ज्यू मेले, बऱ्याच जणांनी स्वतःचा जीव घेतला. ते झाल्यावर जमाव थेट तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेला, कारण कर्जाचे कागद तिथे ठेवलेले होते, आणि ते कागद फरशीवर रचून पेटवून दिले. म्हणून पैसा हे कारण होतं का, तर होतं. पण कर्जदाराने सावकाराचे कागद जाळणं आणि सावकाराच्या पोरांनाही मारणं यात जो फरक आहे तो भरून काढायला "ही जातच तशी" हे आधीपासून तयार असावं लागतं.

बाप्तिस्मा घेतला की सुटका व्हायची का?

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे व्हायला हवी होती, बाप्तिस्म्याने सगळं पाप धुतलं जातं असंच ती सांगते. पण स्पेनमध्ये १३९१ च्या दंगलींनंतर हजारो ज्यू ख्रिस्ती झाले, त्यांची पोरं शिकली, नोकऱ्यांत वर चढली, आणि १४४९ मध्ये टोलेडो शहराने नियम काढला की ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसाला सरकारी पद मिळणार नाही. रक्ताची शुद्धता. पोप निकोलस पाचवा याने त्याच वर्षी या नियमाचा निषेध केला, तरी ही पद्धत पसरत गेली, विद्यापीठं, धर्मसंघ, सगळीकडे. येशूसंघाने, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने, १५९३ मध्ये ज्यू वंशाच्या माणसांना बंदी केली, त्याच संघाचा दुसरा प्रमुख लाइनेथ स्वतः अशा घराण्यातला होता. ती बंदी पूर्णपणे उठली १९४६ मध्ये.

टोलेडोच्या ज्यूंची एक आख्यायिका आहे, ती वाचताना मला भरून आलं. ते सांगायचे की आमचे पूर्वज येशूच्या आधीच स्पेनमध्ये आले होते, आणि येशूला मारू नका असं पत्र त्यांनी यरुशलेमला पाठवलं होतं. विचार करा, चौदाशे वर्षांपूर्वी आपला खापर खापर पणजोबा त्या गावात नव्हता हे सिद्ध करायची वेळ माणसावर आणायची. आणि त्याने ते करायलाही बघावं, कारण दुसरा उपायच नाही.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. आईबाप स्पेनमधून १४९२ ला हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये १४९७ ला जबरदस्तीने ख्रिस्ती झालेले. हा माणूस इथल्या वैद्यांशी बोलला, झाडपाला, मसाले, फळं, रोग यांची माहिती गोळा केली आणि १५६३ मध्ये गोव्यात त्याचं औषधींवरचं पुस्तक छापलं. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं, १५६८ मध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं. त्यावरही थांबले नाहीत. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि ती जाळली. मेल्याला बारा वर्षं झालेला माणूस!

गोव्याच्या इन्क्विझिशनमध्ये नंतर सगळ्यात जास्त भरडले गेले ते धर्मांतरित हिंदू, तेही सांगायला हवं. तुळस ठेवली, जुन्या रीतीने लग्न केलं एवढ्यावरून लोकांना धरत. पण त्याची सुरुवात झाली ती "नव्या ख्रिस्ती" ज्यूंवरच्या संशयातून.

सगळं चर्च विरोधातच होतं का?

नाही, आणि हे मी मुलांना मुद्दाम सांगते. १०९६ मध्ये श्पायर गावच्या बिशपने ज्यूंना आसरा दिला आणि बहुतेक जण वाचले. प्लेगच्या वेळी पोप क्लेमेंट सहावा याने जाहीर पत्र काढलं की ज्यूसुद्धा याच रोगाने मरतायत आणि जिथे एकही ज्यू नाही तिथेही रोग आहे, मग विषाची गोष्ट कशी खरी असेल. १५६६ च्या ट्रेंटच्या धर्मशिक्षण पुस्तकात तर लिहिलंय की येशूच्या मरणाला आपण पापी ख्रिस्ती ज्यूंपेक्षा जास्त जबाबदार आहोत.

पण १५५५ मध्ये पोप पॉल चौथा याने फर्मान काढून रोमच्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं आणि त्या फर्मानाची सुरुवातच अशी आहे की ज्यूंना त्यांच्याच अपराधामुळे कायमची गुलामी मिळालेली आहे. ती सक्तीची वस्ती १८७० पर्यंत राहिली, तीनशे पंधरा वर्षं. मारू नका पण मान वर करू देऊ नका, असं ते धोरण. मला ते दयेचं वाटत नाही.

हिटलरचा ज्यूद्वेष तर वंशाचा होता, धर्माचा नव्हता ना?

तो स्वतः वंशच म्हणायचा. पण जमीन कोणी नांगरून ठेवली होती? जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंची सिनेगॉग जाळा, घरं पाडा, पुस्तकं काढून घ्या असं लिहून ठेवलं होतं, आणि युद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यात नाझी प्रचारक श्ट्राइखर याने आपल्या बचावात ल्यूथरचंच नाव घेतलं.

आणखी एक बघा. नाझींच्या १९३५ च्या कायद्यांत ज्यू कोण हे ठरवताना आजीआजोबा कोणत्या धर्माचे होते ते बघितलं जायचं, तीन किंवा चार आजीआजोबा ज्यू असले की तुम्ही ज्यू. रक्त मोजायचं कुठलंच यंत्र नव्हतं, म्हणून चर्चच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. एडिथ श्टाइन ही कॅथलिक नन होती, तत्त्वज्ञ होती, जन्माने ज्यू. तिला कॉन्व्हेंटमधून उचललं आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ऑशविट्झला मारलं. टोलेडोचा नियम पाचशे वर्षांनी कुठवर पोचला ते यात दिसतं. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात आठवड्याभराची बाळंसुद्धा होती.

चर्चने हा आरोप कधी मागे घेतला?

कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ ला. पण त्यामागे एका म्हाताऱ्या माणसाची चिकाटी आहे.

ज्यूल इझाक हा फ्रान्समधला इतिहासाचा मोठा माणूस, त्याची इतिहासाची पुस्तकं तिकडच्या शाळांत सगळी पोरं वाचायची. १९४० मध्ये ज्यू म्हणून नोकरीवरून काढला. १९४३ मध्ये त्याची बायको आणि मुलगी पकडल्या गेल्या, तो त्या वेळी घरात नव्हता म्हणून राहिला. दोघी परत आल्या नाहीत. हा माणूस लपतछपत राहत होता आणि त्या अवस्थेत त्याने एकच काम केलं, शुभवर्तमानं ओळ न ओळ वाचून काढली, हे बघायला की ज्यूंबद्दल जे शिकवलं जातं ते त्यात खरंच आहे का. त्याला दिसलं की नाहीये, ते शिकवणाऱ्यांनी वरून घातलंय. "तिरस्काराची शिकवण" हा शब्दप्रयोग त्याचा.

१३ जून १९६० ला, ऐंशी ओलांडलेला इझाक पोप जॉन तेविसावे यांना भेटला, कागद दिले, आणि निघताना विचारलं की थोडी आशा घेऊन जाऊ का. पोप म्हणाले, आशेपेक्षा जास्तीवर तुमचा हक्क आहे. याच पोपने आदल्याच वर्षी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला ज्यूंसाठीचा "अविश्वासू" हा शब्द काढून टाकला होता. व्हॅटिकनच्या परिषदेत खूप वाद झाले, मसुदा कितीदा तरी बदलला, शेवटी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ठराव झाला की येशूच्या छळाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट टाकता येणार नाही आणि आजच्या ज्यूंवरही नाही.

इझाक १९६३ मध्येच गेला. त्याला हे बघायला मिळालं नाही.

ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चनीही नंतर त्या लिखाणाचा धिक्कार केला, अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये.

ज्यूंच्या स्वतःच्या धर्मग्रंथात पण पिढीजात शिक्षा आहेच की?

आहे. दहा आज्ञांमध्येच आहे, बापाच्या अपराधाबद्दल तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत शासन. पण त्याच ग्रंथात पुढे यहेज्केल संदेष्टा येतो. लोकांत एक म्हण होती, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यहेज्केल १८ व्या अध्यायात सांगतो की ही म्हण आता बोलायची नाही, जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही. आणि तालमूद या ज्यू पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात तर स्पष्टच म्हटलंय की मोशेने, म्हणजे ज्याच्या हातून दहा आज्ञा आल्या त्याने, एक निवाडा दिला होता आणि यहेज्केलने येऊन तो रद्द केला. एवढ्या मोठ्या मोशेचा निवाडा रद्द झाला असं म्हणायला धीटपणा लागतो.

मग आजच्या जर्मन पोरांनी का मान खाली घालायची? तोही पिढीजात दोषच झाला की!

बरोबर पकडलंत. हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एक माप ज्यूंना आणि दुसरं जर्मनांना असं चालणार नाही.

१९४६ मध्ये कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने, ज्याची बायको ज्यू होती, दोषाचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले. गुन्हा करणाऱ्याचा गुन्हा कोर्टात, तो एकेकट्याचा. राज्याने केलेल्या गोष्टीची भरपाई सगळ्या नागरिकांवर. आणि आपण काय केलं, काय बघून गप्प बसलो, ते ज्याच्या त्याच्या मनाशी. सगळ्या जनतेला गुन्हेगार ठरवता येत नाही असं त्याने स्वच्छ म्हटलं.

८ मे १९८५ ला, युद्ध संपून ४० वर्षं झाली त्या दिवशी, पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रिखार्ट फॉन वाइत्सेकर संसदेत म्हणाले की दोष असो की निर्दोषपणा, तो पूर्ण राष्ट्राचा नसतो, माणसाचा असतो. पण भूतकाळ मात्र आपल्या सगळ्यांना स्वीकारावा लागेल, दोषी असू वा नसू. हे बोलणाऱ्या माणसाचे वडील नाझी काळात परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, न्यूरेम्बर्गला दोषी ठरले, आणि तरुण रिखार्ट तेव्हा वडिलांच्याच वकिलांच्या मदतीला कोर्टात बसलेला होता. त्याच्या तोंडून ते वाक्य आलं म्हणून मला त्याचं वजन वाटतं.

आणि विली ब्रांट. ७ डिसेंबर १९७० ला वॉर्सामध्ये ज्यूंच्या स्मारकापुढे ओल्या फरशीवर तो गुडघे टेकून बसला. हा माणूस स्वतः हिटलरच्या विरोधात होता, १९३३ मध्येच देश सोडून गेलेला, म्हणजे त्याचा काडीचा दोष नाही. तो दोषी म्हणून गुडघ्यावर आला नाही, पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, म्हणून आला. तेव्हाच्या पाहणीत जर्मनीतल्या ४८ टक्के लोकांना ते जरा अतीच वाटलं होतं.

माझा भाचा बर्लिनला शिकतो, त्याच्याकडे गेले तेव्हा एका बिल्डिंगच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळेचे छोटे चौकोन दिसले, तळहाताएवढे, दहा सेंटिमीटरचे. वाकल्याशिवाय वाचता येत नाही. "इथे राहत होती", मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ ला कोलोनमध्ये पहिला बसवला, २०२३ पर्यंत युरोपभर एक लाख झाले. त्या बिल्डिंगमधून एक मुलगी, असेल दहाबारा वर्षांची, फडकं घेऊन खाली आली आणि चौकोन घासून चमकवायला बसली. भाचा म्हणाला, वर्षातून एकदोनदा रहिवासी हे करतात. तिने कोणाला मारलेलं नाही, तिच्या आजोबांचाही जन्म कदाचित नंतरचा. तिला कोणी पापी म्हणत नव्हतं. ती आपल्या दारातलं नाव पुसत होती, इतकंच.

नुकसानभरपाई म्हणजे दोष मान्य करणंच ना?

राज्याने दोष मान्य करणं, हो. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३०० कोटी मार्क द्यायचा करार केला. बऱ्याच ज्यूंनाच ते मान्य नव्हतं, यरुशलेममध्ये मोठी निदर्शनं झाली, आमच्या माणसांच्या रक्ताची किंमत घ्यायची का म्हणून. वाड्याचं कर्ज वाड्याबरोबर वारसाकडे येतं, तसं राज्य बदलत नाही तोवर राज्याचं देणं येतं. पण बापाने खून केला म्हणून मुलाला फाशी होत नाही. देणं आणि पाप हे दोन शब्द वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ संपतो.

महाराष्ट्रात ज्यूंना त्रास झाला का?

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे. इथल्या लोकांनी त्यांना धर्मावरून मारलं, हाकललं असं शेकडो वर्षांत झालं नाही. का? कारण इथल्या कुणाला "यांनी देव मारला" असं कोणी शिकवलेलंच नव्हतं. तोच शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, तीच सुंता, तेच लोक, पण आरोप नव्हता. तरी सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही, गावात त्यांना तेल्यांच्या पायरीवर धरत, आणि त्यांच्यातही गोरे-काळे असा भेद होताच.

मी ठाण्यात वाढले. आमच्या शेजारच्या बेने इस्राएल काकूंकडे मानता फेडायची असली की मलिदा व्हायचा, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन प्रार्थना. ताट आमच्याकडे यायचंच. काकू पुढे मुलांकडे इस्रायलला गेल्या.

आणि मग २००८ ची २६ नोव्हेंबर. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का आणि चार पाहुणे मारले गेले, दोन वर्षांच्या मोशेला त्याच्या आयाने, सँड्रा सॅम्युएलने, बाहेर काढलं. हल्लेखोर बाहेरून आलेले होते, ते घर ज्यूंचं म्हणून मुद्दाम निवडलेलं होतं. आपल्या मुंबईत.

इस्रायल आज जे करतंय त्यावर बोललं तर ज्यूद्वेष होतो का?

सरकारवर टीका करा, गाझातल्या पोरांसाठी रडा, मोर्चा काढा, त्यात ज्यूद्वेष काहीच नाही, कित्येक ज्यू स्वतः ते करतायत. पण त्या सरकारसाठी पॅरिसमधल्या सिनेगॉगवर दगड पडला किंवा अलिबागच्या म्हाताऱ्याला जाब विचारला की तो पुन्हा मेलितोचा "तुम्ही" झाला. तसंच हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर हल्ला करून जे केलं त्याचा दोष गाझातल्या चार वर्षांच्या मुलीच्या माथी मारणं, तेही तेच.

आपल्याकडे असा जन्मजात दोष कोणावर टाकला गेलाय का?

इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही आला, आणि पारधी, कैकाडी अशा समाजात जन्माला आलं की माणूस गुन्हेगार. हजेरी, तारेचं कुंपण, सोलापूरची सेटलमेंट. १९५२ ला कायदा गेला, पण आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर खुनी ब्राह्मण म्हणून पश्चिम महाराष्ट्रात किती ब्राह्मणांची घरं जळली, ज्यांचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपलीच आहे.

यातलं काही जवळपास बघता येईल का?

हो. मुंबईत मशीद बंदरजवळ शार हारहमीम हे १७९६ मध्ये सुरू झालेलं बेने इस्राएलांचं जुनं सिनेगॉग आहे. नवगावला त्यांचं पुरातन कब्रस्तान आहे. आणि पणजीला गेलात तर मोठ्या पांढऱ्या चर्चच्या समोरच नगरपालिकेची बाग आहे, ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची. संध्याकाळी तिथे बाकं भरलेली असतात, पोरं खेळत असतात. तिथे बसलात की सोबतच्या मुलांना त्याच्या औषधांबद्दल सांगा, आणि कातारिनाचं नावही सांगा.